ओपनफोम: सी-मॅसेक्विट, रिहीटर आणि दोन ऑफ सीझन

ओपनफोम हे द्रवांच्या प्रवाहाचा आणि उष्णतेचा हिशेब करणारं खुलं सॉफ्टवेअर. किंमत शून्य रुपये. लागलेला वेळ दोन ऑफ सीझन, म्हणजे कारखाना बंद असतानाचे महिने. पाचातले चार तारे. पाचवा का कापला ते ओघात येईलच.

मी तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये काढली, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या विभागात. शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलो, चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. कॉम्प्युटरशी संबंध लॅब रिपोर्टच्या एक्सेलपुरता. त्यामुळे हे परीक्षण प्राध्यापकाचं नाही. पाइपातून दाणेदार, चिकट माल पुढे ढकलायचा आणि ढकलता ढकलता तापवायचा, हे ज्यांच्या नशिबी आलंय त्यांच्यासाठी आहे. साखर नसेल तर रंग घ्या, चिनीमातीचा घोळ घ्या, टोमॅटोचा गर घ्या. दुखणं एकच.

आधी आमचं दुखणं सांगतो, नाहीतर सॉफ्टवेअरकडे मी काय मागत होतो ते कळणार नाही. साखरेचे दाणे आणि त्यांच्याभोवतीची मळी यांचं दाट मिश्रण म्हणजे मॅसेक्विट. ए, बी, सी अशा पायऱ्या. सी शेवटची आणि सगळ्यात चिवट. पॅनमधून, म्हणजे आटवायच्या भांड्यातून, उतरलेलं सी-मॅसेक्विट क्रिस्टलायझरमध्ये हळूहळू ढवळत चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत थंड करतात, म्हणजे मळीत राहिलेली साखर दाण्यावर बसते. पण इतकं थंड झालेलं मॅसेक्विट दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल मशीनला झेपत नाही, मळी सुटतच नाही. म्हणून मशीनच्या आधी ते पुन्हा पन्नास-बावन्नपर्यंत तापवायचं. हे काम रिहीटरचं. आत नळ्यांची रांग, नळ्यांतून गरम पाणी, बाहेरून मॅसेक्विट सरकतंय. कमी तापलं तर मशीन अडतं. जास्त तापलं तर दिवसभर खपून वाढवलेला दाणा विरघळतो, मळीची पुरिटी (तिच्यातल्या विरघळलेल्या मालात साखर किती टक्के) चढते आणि साखर मळीच्या टाकीत जाऊन बसते. ती पुन्हा कुणाला मिळत नाही.

आमच्या रिहीटरच्या बाहेर पडायच्या तोंडाशी थर्मामीटर ५१ दाखवायचा. रोज, प्रत्येक शिफ्टला ५१. आणि तरी मशीनचा ॲम्पिअर नाचायचा आणि मळीची पुरिटी वर. तापमान बरोबर आहे तर बिघडतंय काय, या प्रश्नावर मी निवृत्तीपर्यंत पाणी वाढव-पाणी कमी कर एवढंच करू शकलो. निवृत्तीनंतर रिकामा वेळ आणि आठ कोअरचा लॅपटॉप हाताशी आला. लॅपटॉप धाकट्या मुलीचा जुना. तिनेच पहिल्यांदा ओपनफोमचं नाव काढलं.

त्याआधी एका मोठ्या व्यापारी सॉफ्टवेअरचा विक्रेता घरी येऊन गेला होता. वर्षाच्या लायसनचा आकडा त्याने कागदावर लिहून पुढे सरकवला. मी त्याला चहा पाजला, वर पोहेही दिले, आणि एसटी स्टँडपर्यंत सोडून आलो.

ओपनफोम ही द्रवांच्या प्रवाहाची आणि उष्णतेची समीकरणं सोडवणारी सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेतली मोठी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. मूळ लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातलं, १९८० च्या दशकाच्या अखेरीचं. डिसेंबर २००४ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. पूर्ण कोड उघडा आहे. वाचा, बदला, वापरा, कुणाची परवानगी नको. लिनक्सवर चालतं. विंडोजवाल्यांनी विंडोजच्या पोटात लिनक्स बसवायची सोय वापरावी. माझ्याकडे ती अर्ध्या दिवसात बसली, त्यातला निम्मा वेळ आमच्या गावच्या वीजपुरवठ्याचा.

उघडल्यावर पहिला धक्का: खिडकी नाही, बटणं नाहीत. एक काळा पडदा आणि तीन फोल्डर. 'झीरो' या फोल्डरात सुरुवातीची स्थिती, 'कॉन्स्टंट'मध्ये द्रवाचे गुणधर्म आणि जाळी (हिशेबासाठी जागेचे पाडलेले बारीक खाने), 'सिस्टिम'मध्ये हिशेब कसा करायचा त्याच्या सूचना. सगळं साध्या मजकुराच्या फायलींत. अर्धविराम विसरलात की गाडी जागेवर थांबते. पहिल्या आठवड्यात मी तीनदा ते काढून टाकलं असेल. चौथ्यांदा खुल्या सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं साहित्य सापडलं. त्यांचे स्पोकन ट्युटोरियल लहान लहान आहेत, एक बघायचा, थांबवायचा, तेच हाताने करायचं. विद्यार्थ्यांनी ओपनफोममध्ये केलेल्या केस स्टडीही तिथे ठेवलेल्या आहेत. त्या नसत्या तर हे परीक्षण एका ताऱ्याचं झालं असतं.

आता मुख्य गोष्ट. दाणे आणि द्रव यांचं मिश्रण कॉम्प्युटरात घालायचे दोन मार्ग. एक, प्रत्येक दाणा वेगळा मोजायचा. दोन, दाण्यांसकट सगळ्याला एकच दाट द्रव मानायचं.

पहिला मार्ग दिसायला सुंदर. त्यासाठी लिग्ट्स नावाचं दुसरं खुलं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या लॅम्प्स या सॉफ्टवेअरवरून ते बेतलेलं आहे, आणि दाण्यांमधलं उष्णतेचं वहन हे त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातच आहे. ते ओपनफोमला जोडता येतं. मी जोडायला निघालोही होतो. मग वहीवर हिशेब केला. सी-मॅसेक्विटचा दाणा साधारण ०.२ मिलिमीटरचा. आकारमानाने तेहतीस टक्के दाणे धरले तर एका लिटरमध्ये आठ कोटींच्या जवळपास दाणे होतात. रिहीटर काही हजार लिटरचा! बरं, थोडेच दाणे घेऊन नमुना म्हणून करू म्हटलं, तर दुसरी आडकाठी. मळी इतकी चिकट की दाण्याचा स्वतःचा वेग सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आतच भोवतीच्या द्रवाच्या वेगाशी जुळतो. सरळ पद्धतीने चालायचं तर प्रत्येक पाऊल त्याहून लहान हवं, म्हणजे एका सेकंदासाठी कोटीच्या वर पावलं. आमचं मॅसेक्विट रिहीटरमध्ये तासभर असतं. लॅपटॉप राहू द्या, मी पुरणार नाही. कोरड्या दाण्यांना, सायलोतल्या साखरेला, ड्रायरला लिग्ट्स जरूर वापरा. चिकट रसातल्या बारीक दाण्याच्या वाटेला त्याला घेऊन जाऊ नका.

राहिला दुसरा मार्ग. त्यात एक शंका रास्त आहे: दाणा मळीपेक्षा जड, तो खाली बसणार नाही का? साखरेच्या दाण्याची घनता घनमीटरला १५८७ किलो, मळीची त्याहून शंभरेक किलोने कमी. मळीचा चिकटपणा मी ५० पास्कल-सेकंद धरला होता, पाण्याच्या पन्नास हजार पट. स्टोक्सच्या सूत्राने दाणा दिवसाला चार-पाच मिलिमीटर खाली जातो. तासाभराच्या प्रवासात तो जागेवरच आहे म्हणा. म्हणून एकच दाट द्रव मानणं आमच्या बाबतीत आळस नाही, ते बरोबर आहे. पातळ द्रवात जड वाळू असेल तर मात्र हे चालणार नाही. तिथे दाणे द्रवातून खाली सरकतात हे धरणारा ओपनफोमचा ड्रिफ्ट-फ्लक्स सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) बघावा, पण त्यात तापमानाचं समीकरण नसतं, ते आपलं आपण घालावं लागतं.

मग त्या एका द्रवाचा चिकटपणा किती? इथे आइनस्टाइन येतो. १९०६ मध्ये त्याने सूत्र मांडलं आणि १९११ मध्ये त्यातला आकडा सुधारला: थोडे दाणे असले तर चिकटपणा दाण्यांच्या प्रमाणाच्या अडीच पटीने वाढतो. थोडे असले तर. दाटीवाटी झाली की हे सूत्र फारच भाबडं ठरतं. तिथे क्रिगर-डोहर्टी यांचं १९५९ चं सूत्र वापरतात. त्याप्रमाणे तेहतीस टक्के दाण्यांना मिश्रण मळीच्या ३.२ पट चिकट, चाळीस टक्क्यांना ४.८ पट, पन्नासला ११ पट. सात-आठ टक्के दाणा वाढला की दीडपट फरक. पॅनमन चमचाभर मॅसेक्विट काचेवर ओढून 'आज दाणा जास्त पडलाय' म्हणायचे, तेव्हा ते याच वक्राविषयी बोलत असायचे.

आणि उष्णता दोन्ही बाजूंनी घुसते. एकीकडे मळी पातळ करते. माझ्या नमुन्यांत दर सहा अंशांना चिकटपणा निम्मा व्हायचा. दुसरीकडे दाणा विरघळवून त्याचं प्रमाण घटवते. तापमानानुसार पातळ होणारे द्रव ओपनफोममध्ये तयार मिळतात. पण दाण्याचं प्रमाणही तापमानाबरोबर हलतं ही भानगड तयार मिळत नाही. आणि इथेच या सॉफ्टवेअरने मला जिंकलं. जवळचा सॉल्व्हर निवडायचा, त्याचं फोल्डर कॉपी करायचं, नाव बदलायचं, आपल्या ओळी घालायच्या आणि पुन्हा बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा. उष्णतेचं समीकरण त्यात जवळपास कागदावर लिहितो तसंच लिहिलेलं असतं: काळाबरोबरचा बदल, अधिक प्रवाहाने वाहून नेलेलं, वजा पसरलेलं. सी प्लस प्लस न शिकलेल्या माणसाला ती ओळ वाचता आली. तिच्याखाली मी दाण्याच्या प्रमाणाची ओळ घातली, तिच्याखाली चिकटपणाची. विरघळण्याचा वेग मी फार सोपा धरला आहे, हे इथेच कबूल करतो.

आता माझा मूर्खपणा. अशा प्रवाहाच्या सॉल्व्हरना चिकटपणा घनतेने भागून द्यायचा असतो. मी भागलाच नाही. १६० (मळीचे ५०, त्याच्या ३.२ पट) द्यायचं नव्हतं, ०.१०८ द्यायचं होतं. ओपनफोम प्रत्येक राशीची एककं तपासतं, वेगात दाब मिळवायला गेलात तर तिथल्या तिथे नकार देतं. पण एककं बरोबर लिहून आकडाच चुकीचा टाकला तर ते काय करणार? आठ दिवस मी ती चित्रं कौतुकाने बघत होतो. चित्रं बरोबरच होती, हा त्यातला विनोद. इतक्या संथ आणि चिकट प्रवाहात आत शिरण्याचा वेग आपण ठरवून दिला की चिकटपणा सगळीकडे दीड हजार पट झाला तरी वेगाचा नकाशा बदलत नाही, फक्त दाब वाढतो. एके रात्री सहज दाब बघितला: २७ बार, म्हणजे २७०० किलोपास्कल. आमच्या रिहीटरचा पत्रा तेवढ्यात फाटून शेजारच्या उसात गेला असता. खरा आकडा दोन किलोपास्कलच्या आसपास निघाला. तेव्हापासून रंगीत चित्राआधी दाब बघतो.

दुसरा त्रास हिशेबाच्या स्वभावाचा. आमच्या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक (गतीचा जोर चिकटपणाच्या तुलनेत किती) हजारात एकाहूनही कमी, आणि प्रांट्ल अंक (वेग उष्णतेच्या तुलनेत किती लवकर पसरतो) सात-आठ लाखांच्या घरात. साध्या पाण्याचा तो सातच्या आसपास असतो. याचा अर्थ, वेग क्षणात जुळतो आणि उष्णता मात्र गोगलगाईने चालते. तयार उदाहरणांतल्या सूचना हवा-पाण्यासाठी असतात. त्या तशाच उचलल्या तर दाब आणि वेग एकमेकांशी जुळतच नाहीत. प्रत्येक पावलाला दाब-वेग पुन्हा जुळवायच्या बाहेरच्या फेऱ्या वाढवल्या तेव्हा कुठे गाडी सुरळीत झाली. तीन नळ्यांचा उभा छेद, चाळीस हजार खाने, एक रात्र. सकाळी दूध घ्यायला जाण्याआधी बघायचं, चाललंय की कोसळलंय.

एक गोष्ट मी मुद्दाम घातली नाही. वाहत्या मिश्रणात दाणे स्वतःभोवती फिरतात आणि भोवतीची उष्णता ढवळतात, त्यामुळे उष्णतेचं वहन वाढतं. रक्तासारख्या पदार्थांच्या बाबतीत याचा अभ्यास झालेला आहे. आमच्या वेगाला, आमच्या दाण्याला, हा परिणाम किती ते सांगणारा अंक ०.००४ च्या आसपास येतो. म्हणजे नाहीच. पण कुणी घट्ट घोळ जोरात ढवळत असेल तर हे विसरू नये.

निकाल काय आला? आत येणारं मॅसेक्विट ४२ अंश, नळीचा पृष्ठभाग ६०. तासाभरात उष्णता नळीपासून दोनेक सेंटीमीटरच शिरते. हे खरं तर वहीवरही निघतं: पाच सेंटीमीटर शिरायला पाच तास लागतात. पण त्यापुढचं वहीवर दिसलं नसतं. नळीलगतचा तापलेला थर पातळ होतो, म्हणून तो भरभर खाली सरकतो. दोन नळ्यांच्या मधला थंड गाभा घट्टच राहतो, म्हणून तो आणखी मागे पडतो. मागे पडलेल्या गाभ्याला जास्त वेळ मिळतो खरा, पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पातळ थर गाभ्याच्या पाच-सहा पट वेगाने पळतो, आणि त्याच थरात दाणा विरघळतो. तोंडाशी ५७-५८ चा ओघळ आणि ४६-४७ चा गोळा एकाच वेळी बाहेर पडतात. थर्मामीटर बिचारा मधोमध ५१ दाखवतो. दोन्ही दुखणी, मशीन अडणं आणि पुरिटी चढणं, एकाच वेळी का असायची ते मला निवृत्तीनंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कळलं. पाणी वाढवलं की ओघळ आणखी पातळ, कमी केलं की गोळा आणखी घट्ट. आणि मी तीस वर्षं तो व्हॉल्व्ह फिरवत बसलो होतो.

नळ्या एकाखाली एक न ठेवता आलटून पालटून ठेवल्या तर वरच्या नळीचा गरम ओघळ खालच्या रांगेत थंड गाभ्यावर येऊन आदळतो. माझ्या हिशेबात तोंडाशी असलेला अकरा अंशांचा फरक सहावर आला, तोही पाण्याचं तापमान न वाढवता.

ही चित्रं मी आमच्या जुन्या पॅनमनना दाखवली. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, नळीवरची खपली कुठाय यात?" खपली म्हणजे हंगामाच्या दुसऱ्या महिन्यापासून नळ्यांवर बसणारा जुन्या मॅसेक्विटचा थर. मी नळी कोरी करकरीत धरली होती. दोन मिलिमीटरची खपली घालून पुन्हा चालवलं, तर बाहेरचं सरासरी तापमान दीड अंशाने उतरलं. म्हणजे हंगामात आम्ही पाणी वाढवत जायचो ते काही अंशी खपलीसाठीच.

तारा का कापला? ओपनफोम या एकाच नावाचे दोन प्रवाह आहेत. एक फाउंडेशनचा, त्याच्या आवृत्त्यांना १०, ११, १२ असे साधे आकडे. दुसरा ओपनसीएफडीचा, दर जून आणि डिसेंबरला, आकड्यात वर्ष आणि महिना. एकासाठी लिहिलेली केस (एका हिशेबाच्या सगळ्या फायली) दुसऱ्यात चालेलच असं नाही. फाउंडेशनवाल्यांनी २०२३ मध्ये ११ व्या आवृत्तीत सॉल्व्हर हाक मारायची पद्धतच बदलली, त्यामुळे जुनी ट्युटोरियल बघणारा नवखा माणूस अर्धा दिवस आपणच वेडे झालो असं समजतो. मी समजलो. सुरुवातीलाच एक प्रवाह निवडा आणि शोधताना आवृत्तीचा आकडा सोबत घाला. चूक दाखवणारे संदेशही सहृदय नाहीत. खरी चूक कुठल्या फायलीत आहे ते बहुतेकदा पहिल्या दोन ओळींत असतं, खालच्या पन्नास ओळी घाबरवण्यापुरत्या. चित्रं बघायला पॅराव्ह्यू लागतं, तेही फुकट आणि त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

ज्यांना काळा पडदा अजिबात सोसत नाही त्यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळेचं एमफिक्स बघावं. खिडक्या-बटणं आहेत, दाणे आणि उष्णता दोन्ही आहेत. पण त्याचा जीव वायू आणि घन कणांत आहे, मळीत नाही.

कुणाला हे घ्यायचं असेल तर लॅपटॉपच्या आधी व्हिस्कोमीटर शोधा. माझे चिकटपणाचे आकडे जुन्या लॅब वहीतले सात नमुन्यांचे आहेत, सगळे एकाच हंगामातले, आणि त्या वर्षी ऊस उशिरा तुटलेला. येत्या हंगामात कारखान्याने परवानगी दिली तर रिहीटरच्या तोंडाशी एकाऐवजी तीन थर्मामीटर लावून घेणार आहे: एक नळीलगत, एक मधोमध, एक दोन्हींच्या मध्ये. नव्या चीफ केमिस्टना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, बॉयलर पेटल्यावर या.